नाईट पाळीनंतरची चार दिवसांची सहल

मे महिन्यात आमच्या सोसायटीतली माणसं कुलू-मनालीला जातात, गेलाबाजार दापोलीला तरी जातात. मी दोन मुलांना घेऊन उल्हासनगर, अंबरनाथ आणि बारवी धरणाच्या रस्त्यावरचं एक गाव एवढं फिरलो. सकाळी बदलापूरहून निघायचं आणि दिवेलागणीला पुन्हा बदलापुरात. याला प्रवास म्हणायचं का, असं कुणी विचारेल. मला तो प्रश्न पडला नाही, कारण प्रवासात माणूस दमतो तेवढा मी दमलो. सुट्टीत मुलांना कुठे न्यायचं म्हणून डोकं धरून बसलेले बाप आमच्या पाळीत बरेच आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी घरचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहतो. मी अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे, सोळा वर्षं झाली. आठवडा फर्स्ट, आठवडा सेकंड, आठवडा नाईट, असं चक्र. नाईटच्या आठवड्यात मी सकाळी आठला घरी येतो आणि झोपतो. त्या आठवड्यात आमच्या घरात आवाज होत नाही. दाराची बेल मनीषाने, माझ्या बायकोने, कधीच काढून टाकली. कुकर मी यायच्या आधी होऊन गेलेला असतो. सई अकरा वर्षांची आहे, ओम सात. दोघं कॅरम चादरीवर खेळतात, स्ट्रायकर बोटांनी सरकवत. क्रिकेटचा चेंडू मोज्यांचा. भूक लागली की पोटावर हात, पाणी हवं की अंगठा ओठाला, आणि तळहात खाली केला की पप्पा कूस बदलतायत. घरात येणारे पाहुणे कौतुक करतात, किती शहाणी मुलं म्हणून. मीही ते कौतुक बरीच वर्षं ऐकून घेतलं.

या मेमध्ये मनीषाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि मनीषा चार दिवस संगमनेरला जायला निघाली. मी सात नाईट संपवून त्याच सकाळी घरी आलो होतो. चार दिवसांची रजा टाकली होती. बॅगेची चेन लावताना तिने विचारलं, "राहतील ना तुमच्याजवळ?" तिने ते सहज विचारलं, पण मला लागलं. माझीच मुलं, आणि राहतील का असा प्रश्न. मग मनाशी हिशोब केला, की गेल्या वर्षभरात दोघांपैकी कुणी माझ्याकडे काही मागायला आलं होतं का. मला एकही वेळ आठवेना. ताप आला तर आई, दात हलला तर आई, शाळेत भांडण झालं तर आई. मी ठरवलं, ही चार दिवसांनी परत येईल तेव्हा या दोघांना काही झालं तर त्यांनी आधी माझ्याकडे यायला हवं. बाकी कुठे फिरलो, काय खाल्लं, ते सगळं त्याच्यासाठी.

पहिला दिवस : उल्हासनगर

स्कूटरवर ओम पुढे उभा, सई मागे. हमरस्त्याच्या धुळीबद्दल लिहीत नाही. कॅम्प दोन या भागातल्या बाजारात पोचलो तेव्हा दुकानदार शटर वर करून अगरबत्ती ओवाळत होते.

आधी खाणं. एका टपरीवजा दुकानात दाल-पकवान घेतलं. ज्यांनी खाल्लं नाही त्यांना सांगतो, पकवान म्हणजे पापडासारखी कडक तळलेली मोठी पुरी, आणि तिच्यासोबत घट्ट चणाडाळ, वर चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. आपल्याकडे सकाळी पोहे-उपमा असं पोटाला जपून चाललेलं असतं, इथे सिंधी माणसं नऊ वाजता डाळ आणि तळण खाऊन दिवसभर दुकानात उभी राहतात. ओमने पकवान मोडायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. ते मोडताना कडाड आवाज होतो. त्याने ते डाळीत बुडवून मऊ केलं आणि मग खाल्लं. मला तेव्हा वाटलं, असेल आवड.

मग सईची जीन्स. इथे मला पहिला धक्का बसला. घरात बोटांनी बोलणारी ही मुलगी दुकानदाराशी हिंदीत अशी काही सुरू झाली की मी बाजूला उभा राहून बघत राहिलो. कापड चोळून पाहिलं, शिवण उलटून पाहिली, "भैय्या, ये धोने के बाद छोटा होगा" असं म्हणाली. दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "बेटी, तू मेरे काउंटर पे आके बैठ." जीन्सचे पाय लांब होते, तर फूटपाथवर मशीन टाकून बसलेल्या एका माणसाने दहा मिनिटांत कापून, दुमडून, शिवून दिले. मी सईला विचारलं, हे कुठे शिकलीस. ती म्हणाली, मम्मीबरोबर दर दिवाळीला येतो ना आम्ही. दर दिवाळीला मी कुठे होतो, हे मी विचारलं नाही.

ओमला खेळणं घ्यायचं होतं. दुकानात छतापर्यंत खोकी. म्हातारे दुकानदार, पांढरा पायजमा, कपाळावर टिळा, प्रत्येक वाक्यात एकदा साईं. त्यांनी पोलिसांची एक जीप काढली आणि बटण दाबलं. लाल-निळे दिवे आणि असा सायरन की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावला. ओमचे डोळे चमकले. त्याने जीप हातात घेतली, उलटी केली आणि खालचं झाकण नखाने उघडायला लागला. मी विचारलं, काय करतोस. तो म्हणाला, "आवाजाची वायर कुठली ते बघतो. म्हणजे घरी गेल्यावर काढता येईल."

म्हाताऱ्यांना मराठी समजत होतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "साईं, चालीस साल से दुकान है. आवाज़ के लिए बच्चा रोता है. ये पहला देखा जो आवाज़ निकालने को बोलता है." त्यांनी ते हसत म्हटलं. मला हसू आलं नाही. मी जीप घेतली आणि ओमला सांगितलं की वायर काढायची नाही. तो बरं म्हणाला. घरी येऊन पाहिलं तर त्याने स्पीकरवर चिकटपट्टीचे चार थर लावले होते.

दुसरा दिवस : अंबरनाथ

अंबरनाथचं जुनं शिवमंदिर माझ्या कंपनीपासून लांब नाही. सोळा वर्षं त्या भागात जातोय आणि देवळात गेलो होतो दोनदा, तेही लग्नानंतरच्या वर्षात. काळा दगड, आणि त्याच्या प्रत्येक इंचावर कुणीतरी काहीतरी कोरलेलं. गाभारा जमिनीच्या खाली आहे. पायऱ्या उतरून जायचं, आत एकदम गार. ओमने विचारलं, देव खाली का राहतो. मी म्हटलं, झोपायला गार बरं पडत असेल. त्याला ते लगेच पटलं.

बाहेर आलो तर फरशी तव्यासारखी तापलेली. चपला बाहेर होत्या. दोघं एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत भिंतीच्या सावलीत गेली आणि दगडातले हत्ती मोजायला लागली. मी आवारात एका झाडाखाली कट्ट्यावर बसलो. सात रात्रींची झोप एका दिवसात भरत नाही, हे पाळीवाल्या माणसाला सांगायला नको. पाच मिनिटं डोळे मिटू म्हटलं. सईला सांगितलं, भावाकडे लक्ष दे.

जाग आली ती बाईमाणसाच्या आवाजाने. बेल-फुलं विकणारी एक बाई माझ्या डोक्याशी उभी राहून बोलत होती. "अहो दादा, उठा की. पोराचा पाय बघा. कवाधरनं सांगते मी तुमच्या पोरीला."

ओम माझ्यापासून चार हातांवर बसला होता. पाय सईच्या मांडीवर. तिने तिची ओढणी गुंडाळली होती आणि ती ओढणी लाल झाली होती. चपला शोधायला तो अनवाणीच आवाराबाहेर गेला होता, तिथे काच लागली. त्याचं तोंड घट्ट मिटलेलं, गालांवरून पाणी वाहत होतं, अंग हलत होतं, आणि आवाज काहीच नाही. मी घड्याळ बघितलं. मी तासभर झोपलो होतो. त्यातला अर्धा तास तरी तो माझ्या शेजारी असा बसून होता.

फुलवाली थांबायला तयार नव्हती. ती म्हणाली, मी हिला चार वेळा म्हटलं बापाला उठव, तर म्हणते, पप्पा नाईट करून आलेत. मी सईकडे पाहिलं. नाईट दोन दिवसांपूर्वी संपली होती, तिला माहीत होतं. ती माझ्याकडे न बघता ओढणीची गाठ घट्ट करत राहिली.

त्याला उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. तीन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, सुई टोचताना त्याला म्हणाल्या, रड रे बाळा, दुखतंच हे. तो रडत होताच, पण तसाच, मिटल्या तोंडाने. मी त्याचा हात धरून म्हटलं, ओरड ओम, मी जागा आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको म्हणून. कंपनीत अॅसिडने भाजलेली माणसं मी उचलून नेली आहेत, तीही ओरडतात. मला माझी लाज वाटली, साफ सांगतो.

तिसरा दिवस : घरीच

कुठे गेलो नाही. टाके होते. मी खिचडी केली, ती खाली लागली, तिघांनी वरची वरची खाल्ली. दुपारी मी झोपलो नाही. डोळे ताणून बसलो, तर सईने दोनदा येऊन सांगितलं, झोपा तुम्ही, आम्ही काही करत नाही. "आम्ही काही करत नाही" हे ती मला धीर द्यायला म्हणत होती.

आदल्या संध्याकाळी मनीषाचा फोन आला होता तेव्हा मुलांनी पायाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आज मीच सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. तिने आधी टाके किती पडले ते विचारलं. मग म्हणाली, "चूक माझी आहे. मीच शिकवलंय त्यांना."

तिने मला एका जुन्या गोष्टीची आठवण करून दिली. सई वर्षाची होती, दात येत होते, दिवसभर रडायची. मी आठवडाभर झोपलो नव्हतो. त्या नाईटला रिअॅक्टरपाशी उभ्या उभ्या डुलकी लागली आणि मी भलताच व्हॉल्व्ह फिरवला. शेजारच्या माणसाने धावत येऊन बंद केला म्हणून मी आज हे लिहितोय. मी ते घरी येऊन हसत हसत सांगितलं होतं. तिने मात्र दुसऱ्या दिवशी दाराची बेल काढली. "तुम्ही झोपला नाहीत तर सकाळी परत याल की नाही, हेच माझ्या डोक्यात असायचं," ती म्हणाली. "मुलांना एवढंच सांगितलं, की पप्पांची झोप मोडली तर पप्पांना लागेल."

आता तिच्यावर चिडायचं कसं. आणि मुलांवर तरी कसं. त्यांना वाटत होतं की गप्प बसून ती मला वाचवतायत. फोन ठेवल्यावर मी गॅलरीत उभा राहिलो, खाली पोरं सायकली घेऊन केकाटत होती, आणि माझी दोघं आत चादरीवर सोंगट्या सरकवत होती.

चौथा दिवस : बारवीच्या रस्त्याला

माझ्याच पाळीत बाळाराम म्हणून आहे. आगरी माणूस, बदलापूरच्या पुढे बारवीच्या रस्त्याला त्याचं गाव. थोडी शेती अजून करतात, थोडी जमीन गेली, त्यातून स्लॅबचं घर झालं. तो कधीपासून बोलवत होता, जांभळं पिकली की पोरांना घेऊन ये म्हणून. ओमला स्कूटरवर बसवलं, बँडेजवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि निघालो. पुढे घरं विरळ होतात, भाताची कोरडी खाचरं आणि झाडं लागतात. दोघांना बघायला बरं वाटत होतं. मी फक्त रस्ता बघत होतो.

त्या घरात पाय टाकल्यापासून माझे कान दुखायला लागले. कुणी भांडत नव्हतं. सगळे फक्त बोलत होते. बाळारामची बायको रंजनावहिनी चुलीवर भाकरी थापता थापता मागच्या वाडीतल्या सासऱ्यांशी बोलत होती आणि ते तिथूनच उत्तर देत होते. टीव्ही चालू, त्याच्यासमोर कुणी नाही. तीन मुलं, दोन पुतणे, सगळे एकाच वेळी. आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही आवाज खाली करतो, इथे पाहुणे आले म्हणून सगळ्यांनी चढवला. माझी दोघं भिंतीला चिकटून उभी.

वहिनीने त्यांच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "पोरा मुकी हान काय रं तुझी?" मी म्हटलं, नाही, सवय आहे. ती म्हणाली, "कसली सवय?"

जेवायला तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कैरी घातलेलं सुक्या बोंबलाचं कालवण आणि भात. सुकट आमच्या देशावरच्या घरात कधी येत नाही, वास भिंतीला लागतो म्हणतात. ओमने तीनदा मागून घेतली, बोट दाखवून. वहिनी तिसऱ्या वेळी पातेलं मागे घेत म्हणाली, तोंडानं सांग, मग देईन. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, सुकट. तिने वाढली. गोष्ट एवढीशी, पण मी जेवायचा थांबलो होतो.

दुपारी बाळारामने ओटीवर चटई टाकली आणि आडवा झाला. दुसऱ्या कुणाच्या बदली तो त्या आठवड्यातही नाईटच करत होता. मुलं त्याच्या पायांवरून उड्या मारत आत-बाहेर करत होती, एक तर पोटावर पाय देऊन गेलं. तो घोरत होता. मी बघत बसलो. मध्येच सगळी पोरं जांभळीकडे पळाली, घर शांत झालं, आणि बाळाराम ताडकन उठून बसला. "पोरा कुठं गेली?" मी म्हटलं, जांभळं पाडायला. तो पुन्हा आडवा झाला. मी त्याला विचारलं, तुला एवढ्या गोंगाटात झोप कशी लागते. डोळे मिटूनच त्याने सांगितलं, "गोंगाट असला का सगली हान, ठीक हान. गप झाली का मना जाग येते. वाटते, काय झाला."

सोळा वर्षं आम्ही दोघं एकाच रिअॅक्टरवर नाईट करतोय. एकाच कामावरून घरी येऊन तो आवाजात झोपायला शिकला आणि मी शांततेत. त्याच्या घरात शांतता पडली की तो उठतो. माझ्या शेजारी मुलगा अर्धा तास रक्त सांडत बसला तरी मी उठलो नाही, कारण आमच्या घरात शांतता म्हणजे सगळं ठीक.

मी जांभळीखाली गेलो. वर पोरं, खाली ओम पाय पसरून बसलेला, पडलेली जांभळं सदऱ्यात गोळा करत. सई त्याच्याजवळ. मी दोघांसमोर मातीत बसलो आणि म्हटलं, यापुढे मी झोपलो असलो तरी मला उठवायचं.

सईने विचारलं, "कशासाठी उठवायचं? रक्त आलं तर?"

"रक्त आलं तर."

"गॅसचा वास आला तर?"

"हो. पण एवढंच नाही. काहीही झालं तरी."

"काहीही म्हणजे काय? नीट सांगा." तिला नियम हवा होता. तिने इतकी वर्षं एक नियम नीट पाळला होता, दुसरा तसाच नीट पाळायची तिची तयारी होती. मी म्हटलं, तुला वाटलं उठवावं, की उठवायचं.

ती थोडा वेळ जांभूळ चोळत बसली. मग म्हणाली, "तुम्ही चिडाल."

मी चिडणार नाही असं म्हणणार होतो. पण झोपमोड झाल्यावर मी कसा असतो, ते मला ठाऊक आहे आणि तिलाही. मी म्हटलं, "चिडेन. तरी उठवायचं."

"आणि तुम्हाला कंपनीत लागलं तर?"

मी म्हटलं, ते मी बघेन, ते तुमचं काम नाही. तिने मान डोलावली, पण तिला पटलं की नाही, मला कळलं नाही. ओम एवढा वेळ जांभळं खात होता, त्याचं सगळं तोंड जांभळं झालं होतं.

परतल्यावर

मनीषा आली. तिने पाय बघितला, टाके बघितले, माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकला. ओम धावत, म्हणजे लंगडत, तिच्याकडेच गेला. मी जे ठरवलं होतं ते चार दिवसांत झालं नाही, हे मी कबूल करतो. रजा संपली, फर्स्ट झाली, सेकंड झाली, आणि पुन्हा नाईट आली. तोवर शाळा सुरू व्हायला चारच दिवस उरले होते. पहिल्या नाईटनंतर मी घरी आलो आणि आडवा झालो. घर नेहमीसारखंच चिडीचूप होतं.

कुणीतरी माझा खांदा हलवत होतं. डोळे उघडले तर ओम, अगदी नाकाजवळ. मी धडपडत उठलो, त्याचा पाय धरला, हात बघितले, डोकं चाचपलं, वास घेतला. काय झालं, कुठे लागलं, मम्मी कुठेय.

"काही नाही," तो म्हणाला. "उठता का ते बघितलं."

साडेदहा वाजले होते. मला झोपून जेमतेम दीड तास झाला होता. डोकं भणाणत होतं. मी चिडलो, चांगलाच चिडलो, आणि जे तोंडाला आलं ते बोललो. तो तिथेच उभा राहून माझं सगळं ऐकत होता. माझं संपल्यावर तो दाराकडे वळला आणि आतल्या खोलीला ऐकू जाईल अशा, आमच्या घरात मी कधी न ऐकलेल्या आवाजात ओरडला, "ताई, उठतात गं पप्पा!"